आत्मशंका : लागवड, निगा आणि कीडनियंत्रण

नवशिक्या उत्पादकांसाठी. लागू क्षेत्र : सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता आणि जिथे जिथे रात्री अकरानंतरही अभ्यासिकेचे दिवे चालू असतात असा सर्व परिसर.

पिकाची ओळख

आत्मशंका हे बारमाही पीक आहे. त्याला पाऊस लागत नाही, सातबारा लागत नाही, नुकसान झाले तर पंचनाम्याची वाट पाहावी लागत नाही. कॉट बेसिसवरची एक खाट, अभ्यासिकेतली एक खुर्ची आणि एक लॉकर एवढ्या क्षेत्रात भरघोस उत्पन्न निघते. पुण्यात राज्यसेवेच्या नाहीतर ‘कम्बाईन’च्या तयारीला येणाऱ्यांत शेतकऱ्यांची मुले-मुली पुष्कळ. त्यांना कृषी पुस्तिकेची भाषा घरचीच, म्हणून ही मांडणी. कांद्याचा भाव पडतो, सोयाबीनचा पडतो; या मालाला मंदी नाही, कारण पिकवणारा आणि उचलणारा एकच असतो.

वाण जुने आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाला ऐनवेळी त्याचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा उतारा द्यायला अठरा अध्याय आणि 700 श्लोक लागले. समर्थांनी मनाची समजूत काढायला घेतली आणि 205 श्लोकांवर थांबले. नवशिक्याने मात्र तीस सेकंदांच्या रीलने आपले मन ताळ्यावर यावे अशी अपेक्षा धरावी, आणि ते आले नाही की खोट आपल्यातच आहे असे समजावे. पहिल्या हंगामाला एवढी तयारी पुरते.

बियाणे व बीजप्रक्रिया

बियाणे विकत घेऊ नये, गावाकडून फुकट येते. “निकाल कधी?” हे वडिलांकडचे, “अमक्याचं पोरगं लागलं म्हणे” हे शेजारच्यांचे, “निदान तलाठ्याची तरी दे” हे मामांचे. तिन्ही वाण खात्रीचे. आईचा फोन मात्र बियाणे म्हणून निरुपयोगी. ती “जेवलास का?” एवढेच विचारते; तिची नोंद पुढे कीड या सदरात केली आहे.

पेरणीआधी बीजप्रक्रिया करावीच. समजा, सराव परीक्षेत सीसॅटची चार गणिते चुकली. नुसते तेवढेच पेरले तर काय उगवणार? ती चार गणिते पुन्हा सोडवावी लागतील, बस्स. म्हणून बी आधी चांगले चोळून घ्यावे. चार गणिते चुकली, म्हणजे गणित कच्चे. गणित कच्चे, म्हणजे डोकेच बेताचे. डोके बेताचे असताना इथे राहायचे, म्हणजे वडिलांचे पैसे पाण्यात. इथवर आले की बी तयार झाले. चांगल्या बियाण्यात मूळ घटनेचा मागमूस उरत नाही. चौथ्या दिवशी उत्पादकाला विचारले तर त्याला ती गणिते कुठली होती हेसुद्धा आठवत नाही, आपण नालायक आहोत एवढे मात्र पक्के लक्षात असते. (राज्यसेवा पूर्वपरीक्षेतला सीसॅटचा पेपर 2022 च्या निर्णयापासून फक्त पात्रतेपुरता उरला आहे, 33 टक्के पडले की भागते, ही माहिती प्रक्रियेत मिसळू नये. उगवण घटते.)

चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापतात हा राज्य लोकसेवा आयोगाचा नियम. तो कागदापुरता न ठेवता दिनक्रमालाही लावावा, आणि दर वाढवून लावावा : सकाळी उठायला अर्धा तास उशीर झाला तर आख्खा दिवस वजा.

खत

तुलनेइतके दुसरे कसदार खत नाही. ते घालायला हात मळवावे लागत नाहीत, टेलिग्रामचा ग्रुप उघडला की झाले. पेपर सुटून तासही होत नाही तोच तिथे आकडे पडू लागतात : एकशे दहा येतायत, एकशे अठरा येतायत, “सेफ आहे का भावांनो?” ज्याचे बरे येतायत तोच आकडा टाकतो; ज्याचे सत्तर येतायत तो लॉकर बंद करून चहाला गेलेला असतो, हे नवशिक्याच्या ध्यानात येता कामा नये. जे दिसते तेच सगळे जग मानावे आणि आपला आकडा त्याच्याखाली ठेवावा.

आयोगाची पहिली आन्सर की, मग हरकती, मग अंतिम की, आणि मधल्या दिवसांत चार क्लासेसनी काढलेल्या चार वेगवेगळ्या की. या काळात रोज नव्याने गुण मोजावेत. प्रत्येक वेळी उत्तर वेगळे येईल. गोंधळ हा या पिकाचा शेणखताइतकाच जुना मित्र आहे, त्याला नांगरून जमिनीत जाऊ द्यावे.

टॉपरची मुलाखत हे मिश्रखत. तो सांगतो की त्याने सातत्य ठेवले, मोजकी पुस्तके वाचली, उजळणी केली. हे सगळे खरेही असते. पण तेवढेच सातत्य ठेवून, तीच लक्ष्मीकांतांची राज्यघटना झिजवून, तितक्याच उजळण्या करून दोन गुणांनी राहिलेल्याची मुलाखत कोणी घेत नाही, त्याचा फ्लेक्स चौकात लागत नाही. तो आपल्याच अभ्यासिकेत तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. त्याच्याशी बोलण्याचा मोह टाळावा. बोललात तर यशाच्या कारणांबद्दल नको ते शहाणपण येते, आणि खत फुकट जाते.

हवामान

काही वर्षी निसर्गच साथ देतो. 14 मार्च 2021 ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अवघे तीन दिवस उरले असताना पुढे ढकलली गेली. 2022 मध्ये मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे जाहीर झाले. ते 2023 पासूनच लागू होणार म्हटल्यावर पेठांमधली मुले रस्त्यावर आली, आणि अखेर 2025 हे वर्ष ठरले. 25 ऑगस्ट 2024 ची पूर्वपरीक्षा नेमकी आयबीपीएसच्या बँक परीक्षेच्या दिवशी आली. पुन्हा आंदोलन, पुन्हा नवी तारीख, परीक्षा झाली 1 डिसेंबरला.

या घटनांचा कुठल्याही उमेदवाराच्या कुवतीशी काडीचा संबंध नव्हता. नवशिक्याने हे वाक्य वाचून लगेच विसरावे. त्याने म्हणावे, “माझ्याच अटेम्प्टला असं का होतं?” सरकारी पत्रक आले की ते आपल्या कुंडलीला जोडावे. वेळापत्रक लांबले की आपणच मागे पडलो असे धरावे. या हवामानात एकच धोका आहे, तो म्हणजे आंदोलनाच्या रात्री शास्त्री रस्त्यावर जाऊन बसणे. तिथे डावीकडे परभणीची मुलगी, उजवीकडे करमाळ्याचा मुलगा, आणि दोघांच्या तोंडी अगदी आपलीच वाक्ये. जे पीक आपण एकट्याच्या शेतात चोरून लावले असे वाटत होते ते सगळ्या शिवारात उभे आहे, हे दिसल्यावर हातून खुरपे गळते.

(इथे पुस्तिकेचा सूर सोडून एक वाक्य. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असले की यादीत नाव नसणे हा बहुतेकांच्या बाबतीत साध्या भागाकाराचा परिणाम असतो, आणि भागाकाराला लाजायचे कारण नाही. सूर परत लावतो.)

आंतरमशागत

वाचलेलेच पुन्हा वाचावे. पिवळ्या हायलायटरवर हिरवा, हिरव्यावर गुलाबी. पाचव्या वाचनाला पान इतके ओळखीचे वाटते की ते आपल्याला येतेच असा भास होतो. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर काय आठवते ते लिहून पाहण्याचा घातक प्रयोग मात्र करू नये. आपण किती विसरतो याचा हिशेब जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये मांडला : शिकल्यानंतर पहिल्या काही तासांतच बरेचसे गळून जाते, मग गळती मंदावते. पुढे 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी दाखवले की आठवड्याने परीक्षा घेतली तर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहते. म्हणजे विसरणे हा सगळ्यांच्याच डोक्याचा धर्म आहे आणि त्यावर उपायही आहे. उत्पादकाने यातले काही कानावर घेऊ नये. विसरलो की “आपली स्मरणशक्तीच गेली” असे म्हणून सहाव्या वाचनाला बसावे.

पाणी

पाणी म्हणजे चहा. अमृततुल्यच्या कट्ट्यावर, उभ्याने. शेवटची पाळी रात्री नऊनंतर द्यावी. चहातले कॅफिन शरीरातून निम्मे व्हायला साधारण पाच तास घेते, त्यामुळे रात्री दोनला छताकडे पाहत पडायची सोय आपोआप होते. या पिकाची खरी वाढ त्याच वेळी होते. दुपारी दोनला जी शंका वीतभर असते ती रात्री दोनला छताला टेकते. ठिबकचा पर्याय उपलब्ध आहे : फोन उशाशी.

कीड

आता सर्वांत महत्त्वाचे प्रकरण. चांगले उभे पीक आठवडाभरात फस्त करणाऱ्या किडी साध्या दिसतात, फुकट मिळतात, आणि म्हणूनच नवशिका गाफील राहतो.

झोप ही पहिली. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास लागतात, आणि दिवसभर वाचलेले डोक्यात नीट लागते ते याच वेळात. ही कीड लागली की दुहेरी नुकसान होते : वाचलेले आठवू लागते, आणि काल रात्री जगबुडी वाटलेली गोष्ट सकाळी नुसतीच कटकट वाटते. नियंत्रणासाठी ‘मी किती तास बसलो’ हा हिशेब ठेवावा. बारा तास, चौदा तास, शेजारचा पंधरा तास. किती तासांत काय समजले हा स्तंभ वहीत आखू नये. झोपेची लाज वाटली पाहिजे. अभ्यासिकेत टेबलावर डोके टेकलेला मुलगा दचकून उठतो आणि आधी आजूबाजूला कोणी पाहिले का ते बघतो, तशी.

जेवण ही दुसरी, तिचे नियंत्रण सोपे. सकाळचा नाश्ता टाळावा, अकराला भूक मरते. मेसच्या डब्यातली भाजी पाहून डबा परत करावा. रविवारी दुपारी फिस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, ही तर परंपरागत मदत आहे. त्या संध्याकाळी एक वडापाव खाऊन, पोटात कावळे ओरडत असताना, आपण हे क्षेत्र चुकीचे निवडले का या विषयावर चिंतन करावे. भुकेल्या पोटी काढलेले निष्कर्ष फार ठाम असतात. आईचा तो फोन याच वेळी येतो. “जेवलो” असे खोटे सांगून ठेवून द्यावा.

चालणे. नदीपात्रातून, पर्वतीच्या पायऱ्यांवरून किंवा नुसते लकडी पुलापर्यंत जाऊन येणे. सकाळच्या उन्हाने शरीराचे घड्याळ जाग्यावर येते, पाय चालले की डोक्यातले तेच ते चक्र थोडे सैल पडते. पूर्ण बंदोबस्त जमत नसेल तर कानात चालू घडामोडींचे लेक्चर लावून चालावे, म्हणजे चालण्यातली चाल तेवढी उरते.

कागद आणि पेन या जोडकिडीबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे. आत्मशंका डोक्यात असते तोवर तिला आकार नसतो, आणि आकार नसणे हेच तिचे कवच. एखाद्याने ती कागदावर उतरवली, की विचित्र प्रकार घडतो. “माझं काही होणार नाही” असे लिहिले. खाली लिहिले, “कशावरून?” मग नाइलाजाने पुरावा द्यावा लागतो : भूगोलाच्या हवामानाच्या प्रकरणावरचे प्रश्न दोन टेस्टमध्ये चुकले, आणि मागचे दहा दिवस रात्री दोनपर्यंत जागरण. बस्स, पीक गेले. आता तो माणूस ते प्रकरण उघडणार आणि लवकर झोपणार. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून हाच धंदा केला. घटना माणसाला तितकी छळत नाही, तिच्याबद्दलची त्याची हट्टी समजूत छळते, असे म्हणत ते रुग्णाकडे त्या समजुतीचा पुरावा मागत. मराठीत हे विचार कि. मो. फडके यांनी आणले, अंजली जोशी यांनी तर एलिस यांच्या आयुष्यावर कादंबरी लिहिली. अशी पुस्तके दिसली तर ‘सिलॅबसमध्ये नाही’ म्हणून बाजूला ठेवावीत.

आणि ऐकून घेणारा मित्र. सल्ला देणारा चालेल, तो खताचेच काम करतो. ऐकून घेणारा वाईट. गीतेत पाहा : अर्जुन पहिल्या अध्यायात आपले सगळे रडगाणे गातो, आणि श्रीकृष्ण त्या आख्ख्या अध्यायात एका वाक्यापलीकडे बोलत नाही. समोरच्याचे पूर्ण सांगून होईपर्यंत थांबतो. असा रूम पार्टनर मिळाला तर रूम बदलावी.

मित्रकीटक

सगळेच कीटक मारू नयेत. काही कीटक स्वतःची काळजी घेण्याच्या वेषात येतात आणि पिकाला मदत करतात. पहाटे चारला उठणे, थंड पाण्याने आंघोळ, एकशे आठ सूर्यनमस्कार, वीस मिनिटे ध्यान, कृतज्ञतेची वही, साखर बंद, इन्स्टा बंद, हे सगळे एकदम, येत्या सोमवारपासून. रंगीत तक्ता करून कपाटाच्या दारावर चिकटवावा. बुधवारी जाग येणार नाही. गुरुवारी तक्त्यावर मोठी फुली. शुक्रवारी तक्त्याकडे पाहताना जी भावना येते ती बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही संजीवकापेक्षा जोरकस. याउलट अशी एखादीच सवय, तीही लहान, तीही चुकली तर दुसऱ्या दिवशी निमूट परत धरायची, असे करणारे काही लोक आढळतात. त्यांच्या शेतात तण सुद्धा नीट वाढत नाही.

इशारा

हा परिच्छेद गंमत नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगून काय करायचे असे मनात येत असेल, तर ही शंका राहिलेली नाही, हा आजार आहे, आणि त्याला डॉक्टर असतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत लागतो आणि मराठीत बोलता येते. आपल्या शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा असे काही बोलला तर “सगळ्यांनाच होतं रे” म्हणू नका. त्याच्याबरोबर बाहेर या आणि तिथेच उभे राहून फोन लावा.

काढणी व साठवण

नवशिक्याचा एक गोड गैरसमज असतो : पोस्ट निघाली की शंका आपोआप वाळून जाईल. तसे होत नाही, घाबरू नये. 1978 मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोघींनी अमेरिकेतल्या कर्तबगार स्त्रियांबद्दल लिहिले. पदव्या होत्या, मानमरातब होता, आणि तरीही त्यांना वाटायचे की आपण सगळ्यांना फसवून इथवर आलो, एक दिवस पकडले जाऊ. म्हणजे गावात मिरवणूक निघाली, फेटा बांधला, फ्लेक्सवर नाव लागले, तरी नीट साठवण केलेली शंका फेट्याखाली टिकते. प्रशिक्षणाला जाताना बरोबर न्यावी. पहिल्या फायलीवर सही करताना उपयोगी पडते.

शंका-समाधान

प्रश्न : माझ्या अभ्यासिकेतली एक ताई रोज रात्री साडेनऊला पुस्तक मिटून निघून जाते. तिचा हा चौथा अटेम्प्ट आहे. तिच्या शेतात शंका कशी उभी राहते?

उत्तर : प्रत्यक्ष पाहणी केली. शंका आहे, पण खुरटलेली. ताईंनी तिच्यासाठी संध्याकाळचा अर्धा तास ठरवून दिला आहे, तेवढ्या वेळात वहीत काय ते लिहितात आणि उठतात. पीक एवढ्या कमी सूर्यप्रकाशात तग धरत नाही. या प्रकाराची शिफारस करता येत नाही.

प्रश्न : सगळ्या शिफारशी पाळल्या. टेलिग्रामचे सहा ग्रुप, रात्री तीनपर्यंत जागरण. उत्पन्न इतके आले की ठेवायला जागा नाही. आता पीक मोडायचे आहे. अनुदान मिळेल का?

उत्तर : नाही. आज रविवार नसेल तर मेस दहापर्यंत उघडी आहे. आधी जेवून या.